गीत कवीचे, खातेवही कोणाची?

दिवा जंक्शनभोवतीच्या दातिवली, आगासन या गावांत हळदीच्या रात्री पूर्वी धवलारणीचा आवाज घुमत असे. आता ध्वनिक्षेपकावर तयार आगरी गीते वाजतात. धवला हे समाजाचे संचित, त्याला धनी नाही. नव्या गीताला मात्र कवी आहे, संगीतकार आहे आणि 1957 च्या कायद्याने दिलेला हक्कही आहे. विवाहविधीतील वादनाला कलम 52 ची सूट आहे व ती रास्तच आहे. पण तेच गीत नभोवाणीवर अथवा उपाहारगृहात वाजते, तेव्हा जमणारे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, कोठे जाते?

एकटा कवी दारोदार वसुली करू शकत नाही, म्हणून 1969 मध्ये मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. हेतू निर्मळ होता. परंतु 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचा प्रथम मालक निर्माता ठरविला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात कलावंतांच्या उपेक्षेविषयी खंत व्यक्त केली; संसदेला जाग येण्यास पुढे 35 वर्षे लागली! दरम्यान सोसायटीत ध्वनिमुद्रण कंपन्यांचा वरचष्मा निर्माण झाला. ज्यांच्याशी हिश्श्याचा वाद, तेच हिशेबनीस. दिव्यातील गृहसंस्थांच्या सभासदांना हे वेगळे समजावून सांगायला नको. संस्था रहिवाशांची, फलकही त्यांचाच. जमिनीचे कागद मात्र बिल्डरच्या कपाटात.

2012 च्या दुरुस्तीने, ज्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रह धरला, स्वामित्वधनातील कवी-संगीतकारांचा समान वाटा अबाधित केला. तो वारसांना वा सोसायटीलाच देता येतो, कंपनीला लिहून देता येत नाही. कार्यकारी मंडळात रचनाकार व मालक यांची संख्या समान असावी, असेही कायदा सांगतो. तरीही सोसायटीची पुनर्नोंदणी व्हायला नोव्हेंबर 2017 उजाडला. ध्वनिमुद्रणांच्या क्षेत्रातील घोळ तर अद्याप मिटलेला नाही. नोंदणीविना परवाने देता येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये म्हटले, तर दिल्लीच्या खंडपीठाने एप्रिल 2025 मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परवाना घेणाऱ्या हॉटेलचालकाने कोणाचे ऐकावे?

खरा प्रश्न छोट्या कवीचा आहे. तो एकरकमी पैसे घेतो, पुढे केलेल्या कागदावर सही करतो आणि आपला हक्क संपला असे समजतो. वस्तुतः तो हक्क त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो. पण सभासदत्व नसेल तर सोसायटीतून पैसा घरी यावा कसा? मंडळात समान खुर्च्या मिळाल्या, हे चांगलेच झाले. आता सोसायटीने ठाणे-कल्याण पट्ट्यात उतरून मराठीत अर्ज भरून घ्यावेत, आगरी-कोळी गीतकारांची नोंद करावी आणि कोणत्या गीताचे किती जमले व कोणाला दिले, हे वार्षिक सभेपूर्वी सभासदांच्या हाती मराठीत द्यावे. गीतकारांनीही त्या सभेला जावे आणि ताळेबंद उघडून पाहावा.