लाचेचे दरपत्रक

लाच देणारा सहसा लेखी हिशेब ठेवत नाही. त्यामुळे भ्रष्टाचाराचा अभ्यास करणाऱ्यांना बहुधा अंदाजावरच भागवावे लागते. पेरू हा ठळक अपवाद. तेथे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या काळात गुप्तचर यंत्रणेची सूत्रे हलवणाऱ्या व्लादिमिरो माँतेसिनोसने पावत्या घेतल्या, लेखी करार केले आणि पैसे देतानाची चित्रणेही जपून ठेवली. पैसे घेणारा पुढे उलटू नये, यासाठीची ही तजवीज होती. राजवट कोसळल्यावर हेच दप्तर पुरावा ठरले. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅकमिलन आणि त्यांचे सहकारी पाब्लो झोइडो यांनी ते तपासून २००४ मध्ये जे मांडले, ते प्रत्येक वृत्तपत्राच्या संपादकाने वाचायला हवे.

एखाद्या राजकारण्याला माँतेसिनोस साधारणपणे जेवढी लाच देई, तिच्या सुमारे शंभरपट रक्कम तो दूरचित्रवाहिनीच्या मालकाला देई; न्यायाधीशाची लाच राजकारण्याहूनही थोडी कमी असे. एका वाहिनीला महिन्याकाठी १५ लाख डॉलर मिळत. एकाच वाहिनीची लाच विरोधी राजकारण्यांच्या एकूण लाचेच्या पाचपट होती. हा फरक का? पेरूच्या तेव्हाच्या १२० सदस्यांच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, बहुमतासाठी ६१ मते पुरत. एखाद्याने फार मागितले तर दुसरा गाठता येतो. वाहिन्यांचे तसे नाही. दहापैकी नऊ विकत घेतल्या आणि दहावीने बातमी दाखवली, तर नऊंवरचा खर्च पाण्यात. म्हणून प्रत्येकीला गप्प करावे लागते आणि प्रत्येक मालक हवी ती किंमत मागू शकतो.

घडलेही तसेच. ‘कानाल एन’ ही मोजक्या वर्गणीदारांची केबल वाहिनी माँतेसिनोसच्या ताब्यात नव्हती. १४ सप्टेंबर २००० रोजी तिने एक चित्रण दाखवले. विरोधी पक्षातून निवडून आलेले आल्बेर्तो कौरी माँतेसिनोसकडून १५ हजार डॉलर रोख घेताना त्यात दिसत होते. नोव्हेंबरात फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला.

हे लिहिताना महाराष्ट्राची आठवण टाळता येत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला बातमीचे रूप दिल्याचे आरोप मराठी वृत्तपत्रांवर झाले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने नावांसह अहवाल लिहिला, पण तो पूर्ण स्वरूपात लोकांपुढे यायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. राजकीय पक्षांच्या छुप्या देणग्यांची दारे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करून काही प्रमाणात उघडली. माध्यमांच्या तिजोरीचे दार अजून बंदच आहे.

ते उघडायला नवी चौकशी समिती नको. राज्य सरकारने कोणत्या वृत्तपत्राला आणि वाहिनीला किती रुपयांच्या जाहिराती दिल्या, हे दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावे. प्रत्येक माध्यमसमूहाने आपल्या मालकांचे इतर धंदे, त्यांची सरकारी कंत्राटे आणि भूखंड जाहीर करावेत. यात आम्हीही आलो. वाचकांनी ही मागणी सरकारकडे करावी आणि त्याआधी ती आमच्याकडे करावी.