पाण्याकाठचा प्लॉट

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण काठ विकायचा धंदा जोरात आहे. मोबाईलवर दर आठवड्याला एक तरी जाहिरात येऊन पडते. अंभोऱ्याच्या पुलाजवळ, नागपूरहून दीड तास, बॅकवॉटर टच, क्लिअर टायटल, हप्त्यांची सोय. खाली निळेशार पाणी, एक होडी आणि वाकलेले नारळाचे झाड. वैनगंगेच्या काठी रांगेने वाकलेले नारळ कुणी पाहिले असतील तर कळवावे. आमच्याकडे शिंदी आहे, मोह आहे, बाभूळ तर मागाल तेवढी. ते चित्र बहुधा इंडोनेशियातल्या कुठल्यातरी बेटाचे असावे.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी या चित्राच्या प्रेमात पडले आहेत. जन्म पवनी तालुक्यातला, नोकरी इकडेच झाली, आता नागपुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. पेन्शनमधून थोडे साठले आहे. "पाण्यासमोर दोन खोल्या, मागे वांगी-मिरची, आणि सकाळी ताजे झिंगे. घ्यावा का जी एखादा तुकडा?" असे त्यांनी मला विचारले. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते, हे मला ठाऊक आहे. तरी जे माहीत आहे ते सांगायला हवे.

हे पाणी मुळात आले कुठून? २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी पवनी तालुक्यात गोसेखुर्दच्या धरणाची पायाभरणी केली. तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला आणि आज खर्चाचा आकडा पंचवीस हजार कोटींच्या पुढे गेला आहे. सव्वाअकरा किलोमीटरची भिंत, तिला ३३ दरवाजे, आणि मागे वैनगंगेचे पाणी थेट भंडारा शहरापर्यंत पसरलेले. जिथे आज 'काठ' आहे तिथे काल कुणाची बांधी होती, कुणाचा धुरा होता, कुणाच्या देवळाची पायरी होती. जाहिरातीतला प्लॉट पाण्याला लागून आहे, कारण पुढची शेते पाण्यात गेली आहेत.

आता पाण्याच्या पातळीबद्दल. धरण पूर्ण भरते तेव्हा पाणी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटरवर असते. पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमारास हे पाणी खरोखरच देखणे दिसते, आणि एजंट लोक गिऱ्हाइकांना नेमके तेव्हाच आणतात. कालव्यातून पाणी सुटू लागले, ऊन तापले, की काठ मागे सरकत जातो. जलाशय पसरट आहे, उतार सौम्य. पातळी थोडी उतरली तरी पाणी दूर जाते आणि मध्ये राहतो तो भेगाळलेला गाळ. गुरुजींबरोबर गेलो होतो तेव्हा जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवराने त्यांना सरळच सांगितले, "मे महिन्यात या जी, मंग पानी कुटी रायते ते पाहा." एजंटाने त्यावर विषय बदलला आणि क्लब हाऊस कुठे होणार ते दाखवू लागला. तिथे त्या वेळी चार म्हशी बसल्या होत्या.

पाणी मागे जाते तसे पुढेही येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सुटले, गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले, तरी भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरले. पिढ्यान्पिढ्या नदीकाठी राहिलेल्यांना त्या रात्री वरच्या मजल्यावर जावे लागले. ले-आऊटच्या नकाशात पूररेषा दाखवलेली नसेल तर ती पाटबंधारे खात्यात जाऊन पाहावी लागते. एजंट ती आपणहून दाखवील, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

आणि सातबारा. गुरुजी जन्मभर मुलांना गणित शिकवत आले, पण सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना त्यांनी कधी निरखून वाचला नव्हता. आमच्या भागात तो आधी वाचायचा. पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा आहे का? भोगवटादार वर्ग दोन आहे का? असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. शिवाय शेतजमीन विकत घ्यायला कूळ कायद्याप्रमाणे आधी शेतकरी असावे लागते. एनए न केलेल्या शेताचे पाच-पाच हजार चौरस फुटांचे तुकडे पाडून विकले जातात, तेही १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात बसत नाहीत. शहरालगतच्या, गावठाणाशेजारच्या काही जुन्या तुकड्यांना सरकारने २०२५ मध्ये वाट मोकळी करून दिली, हे खरे. पण आज नव्याने पाडलेला तुकडा त्यात येईल असे समजून पैसे मोजणाऱ्याला मी शूर म्हणेन.

यावर उपाय लोकांनी कधीच शोधला आहे. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्या नावाने जमीन घ्यायची आणि आपापसांत स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवायचे. गंमत अशी, की त्या नारळाच्या चित्राच्या देशातही हेच चालते. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाला मिळते; परदेशी माणसाला ठरावीक मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा. तरी बालीत समुद्रासमोर घर हवे असलेले गोरे लोक गावातल्या एखाद्याच्या नावावर जमीन घेतात आणि बाजूला एक करार करून ठेवतात. तो करार कोर्टात टिकत नाही. मैत्री बिघडली, किंवा मित्र मेला आणि त्याची मुले शहाणी झाली, की घर गेले. गुरुजींनी हे ऐकून आपल्या साळ्याचे नाव हळूच मागे घेतले. साळ्याच्या नावावर अड्याळकडे तीन एकर आहे.

राहण्याचे म्हणाल तर गावात राहणे चांगलेच आहे, पण ते जाहिरातीतले नाही. रोवणीच्या दिवसांत गाव पहाटे चारला जागे होते आणि डोक्यावर पाऊस घेऊन चिखलात उतरते. वीज जाते, येते. रात्री छातीत कळ आली तर भंडारा गाठावे लागते. डास विचारू नका. नाग नदी नागपूरचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि ते सगळे या जलाशयात येऊन थांबते. वाहती नदी होती तेव्हा निदान पुढे जात होते. जलपर्णी माजते, उन्हाळ्यात वास सुटतो, त्याच पाण्यावर काठच्या गावांच्या नळयोजना आहेत. नाग नदीच्या शुद्धीकरणाला सुमारे १९२७ कोटींची योजना मंजूर आहे. म्हणजे नागपूरकर इथे रविवारी जे पाणी बघायला येतात, त्यात त्यांच्या आठवडाभराच्या आंघोळीचा वाटा असतो.

तरी ते येतात, आणि का येऊ नयेत? अंभोऱ्याला चैतन्येश्वराचे देऊळ आहे, पाच नद्यांचा संगम आहे, मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला अशी आमची श्रद्धा आहे. (आंबेजोगाईकरांचे मत वेगळे आहे. त्यांच्याशी वाद घालण्याइतकी जागा या सदरात नाही.) आता तिथे तारांवर तोललेला पूल झाला आहे, त्याच्या उंच खांबावर चढून पाणी बघायची गॅलरी आहे. एका बाजूला नागपूर जिल्हा, दुसऱ्या बाजूला भंडारा. गोसेखुर्दच्या जलपर्यटनासाठी सुमारे शंभर कोटींच्या कामाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. पवनीच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे गेट आहे, वाघही दिसतो. भाव चढणारच. जमिनीत पैसा गुंतवणाऱ्याचे बोट ज्या नकाशावर फिरते, त्यावर हे सगळे ठिपके जवळजवळ आहेत.

हा भाव कुणाच्या हाती पडतो, तिथे मात्र माझे घोडे अडते. ज्यांची धानाची बांधी गेली, त्यांना एकराच्या हिशेबाने, तेही जुन्या दराने पैसे मिळाले. पुढे आंदोलने झाली, मोर्चे निघाले, तेव्हा २०१३ मध्ये सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज आले. तोवर कित्येकांचे म्हातारपण आले होते. नव्या गावठाणात '१८ नागरी सुविधा' कागदावर पूर्ण आहेत. घरे ओळीने, रस्ते काटकोनात. पण गुरे बांधायला जागा नाही, तणसाचा ढीग रचायला जागा नाही, आणि शेतच नाही तर तणीस तरी कुठून येणार? पोरे पुण्याला कंपनीत जातात. त्यांच्या आजोबांची जमीन जिथे बुडाली, त्याच्या वरच्या बांधावर आता चौरस फुटाचा दर चालतो.

ढिवरांचे तर कागदही नव्हते. नदीच्या वाळूत ते डांगरवाडी लावत. पाणी ओसरले की रेतीत खड्डे करून खत टाकायचे, वेल चढवायचे, उन्हाळ्यात टरबूज-डांगर पवनीच्या बाजारात आणायचे. ती रेती कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिचा मोबदला मागायला जागाच उरली नाही. धरणात मासा भरपूर होईल असे त्यांना सांगितले होते. झाला, पण खोल पाण्याला मोठी जाळी लागतात, इंजिनाची बोट लागते, आणि मासेमारीचा ठेका मिळवायला संस्था, अनामत, ओळखी लागतात. डोंगा वल्हवणारा माणूस त्यात मागे पडतो.

म्हणून गुरुजींना मी सांगितले, की प्लॉट घ्यायचाच असेल तर पवनीत, गावठाणात घ्या. पाणी अर्ध्या तासावर आहे, दवाखाना जवळ आहे, आणि कागद सरळ आहे. त्यांना ते फारसे आवडले नाही. ते मे महिन्यात पुन्हा येऊन बघणार आहेत, तोवर बयाणा देणार नाहीत, एवढे त्यांनी कबूल केले.

उरला प्रश्न त्या बोटींचा. जलपर्यटन सुरू होईल, जेट्टी होतील, बोटी फिरतील, काठावर खानावळी निघतील. त्यांचे ठेके कुणाला? काठच्या ढिवरांच्या संस्थांना आणि बुडित गावांतल्या तरुणांना बोट चालवण्याचा आणि खानावळीच्या गाळ्यांचा पहिला हक्क द्यावा, अनामत माफ करावी, बोट चालवायचे प्रशिक्षण आधी द्यावे, असे माझे मत आहे. भाषणात अशी कबुली सगळेच देतात. ती निविदेच्या अटींत लिहून घ्यावी लागते, आणि निविदा निघायच्या आधी. काठच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत एवढा एक ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.