पुरुषाचे चिलखत

शिंपी कोट शिवतो तेव्हा खांद्यांत थोडी भर घालतो आणि छातीला आतून ताठ कॅनव्हास लावतो. का, हे आपण त्याला कधी विचारीत नाही. युरोपात या भरलेल्या कपड्याचे मूळ रणांगणावर सापडते. लोखंड अंगाला खुपू नये म्हणून तिथले योद्धे चिलखताखाली टाके घालून जाड केलेला अंगरखा घालीत. पुढे लोखंड गेले. रुंद छातीचा थाट मात्र राहिला. ट्रेंचकोटाचे तर नावच १९१४-१८ च्या महायुद्धातल्या खंदकांवरून पडले. शिपाई लढाईवरून परतला, पण पुरुषाच्या कपाटातून काही हलला नाही!

लंडनच्या क्रेग ग्रीन या वेषरचनाकाराने या कपाटाला हात घातला आहे. वडील प्लंबर, धर्मपिता कोच-खुर्च्यांच्या गाद्या भरणारे. कामाचे कपडे म्हणजे काय, हे त्याला घरातच कळले असणार. सेंट्रल सेंट मार्टिन्स या कलाशाळेतून बाहेर पडून २०१२ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने पेढी काढली. २०१३ च्या जानेवारीत त्याने तरुणांना तोंडासमोर मोडक्या कुंपणासारख्या फळ्या बांधून लोकांपुढे आणले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली.

२०१४ च्या जूनमध्ये त्याचा पहिला स्वतंत्र फॅशन-शो झाला. अनवाणी तरुण आले. अंगात सैल कपडे, त्यांवर लोंबणारे बंद, आणि काहींच्या पाठीशी काठ्यांवर ताणलेले कापड, जणू निशाणेच. छाती काढून कुणी चालत नव्हते. बघणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात. पुढे २०१६, २०१७ आणि २०१८ अशी ओळीने तीन वर्षे ब्रिटनमधल्या पुरुषवेषाचा मुख्य पुरस्कार त्याला मिळाला.

त्याचे सर्वांत गाजलेले वस्त्र म्हणजे गोधडीसारखे टाके घातलेले कामगारी जॅकेट. ते चिलखताची आठवण देते आणि पांघरुणाचीही. मला वाटते, सगळी गंमत इथेच आहे. चिलखत पाहून आपल्याला शौर्य आठवते. पण ज्याने ते अंगावर चढवले, त्याने आपल्याला जखम होऊ शकते हे आधीच कबूल केलेले असते. कोटाच्या खांद्यांनी ही कबुली झाकली होती. ग्रीनने ती टाके आणि बंद दिसतील अशी बाहेर आणून ठेवली.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले! खरा प्लंबर एवढे महागडे जॅकेट घालून नळ दुरुस्त करायला जाईल काय? नाही जाणार. आक्षेप रास्त आहे. पण प्रश्न त्या जॅकेटापुरता नाही. काळा चष्मा कपाळावर सरकवून उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करणारा कारागीर पाहा. हेल्मेट कोपरात अडकवून भरधाव मोटारसायकल हाकणारा तरुण पाहा. दोघांजवळही साधन आहे. ते वापरले तर आपण भित्रे ठरू, एवढीच काय ती अडचण! भीती कबूल करणे हे बायकी लक्षण, असे त्यांना लहानपणीच कुणीतरी शिकवलेले असते, आणि ते शिकवणारे बहुधा आपणच असतो.

या दिवाळीत मुलाला नवे कपडे घेताना छाती रुंद दिसते की नाही, हे जरूर पाहा. पण फटाक्याला हात भाजून तो रडला, तर "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?" एवढे मात्र म्हणू नका.