पहिला प्रेक्षक

गतवर्षी उन्हाळी सुटीत काही घरगुती कामानिमित्त आम्हांस लंडन शहरी जाण्याचा योग आला. त्याच आठवड्यात तेथे स्थायिक झालेल्या आमच्या एका बालमित्राच्या चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन होते. हा मित्र विश्रामबागेचाच. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू.

सायंकाळी आम्ही तेथे पोहोचलो, तो बाहेर पावसाची झिमझिम चालू आणि आत पांढऱ्या भिंतींवर आमची सांगली उभी! हरिपुरास होणारा कृष्णा-वारणेचा संगम, पेठेतील हळदीच्या राशी आणि २०१९ च्या महापुरानंतर घराच्या भिंतीवर राहिलेली गढूळ पाण्याची रेघ. त्या रेघेपुढे एक वृद्ध बाई बराच वेळ उभ्या होत्या. ती कशाची, असे त्यांनी आम्हांस पुसले. आम्ही सांगितले, आणि "चित्रकार आमचा बालमित्र आहे," असेही अभिमानाने जोडून दिले.

बोललो खरे, पण लगेच मनास चुटपुट लागली. ह्याच मित्राच्या गणिताच्या वहीच्या समासात बैल, होड्या, माणसे काढलेली असत. त्यापायी त्याला छड्या बसत, आणि त्या वेळी हसणाऱ्यांत आम्ही होतो. ज्याचे समास आम्ही हसण्यावारी नेले, त्याच्या चौकटींपुढे आज आम्ही मिरवीत होतो!

चित्रकारास गिऱ्हाईक मागाहून मिळते. आधी लागतो तो पहिला प्रेक्षक. गोव्यातील साळगावी १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे उदाहरण पाहा. स्वातंत्र्यचळवळीतील सहभागामुळे १९४५ साली त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले. १९४७ साली रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या सोबत्यांसह त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. हे तरुण एकमेकांचे प्रेक्षकही होते आणि टीकाकारही. सूझा १९४९ साली लंडनला गेले. तेथेही मान आयता मिळाला नाही. कित्येक वर्षे हलाखीत काढल्यावर १९५५ साली 'गॅलरी वन'मधील प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. लंडनने टाळी वाजविली ती अशी उशिरा. मित्रांनी त्यांची चित्रे त्याच्या पुष्कळ आधी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी मित्राने आम्हांस एका संग्रहालयात हेन्री मूर या थोर इंग्रज शिल्पकाराची शिल्पे दाखविली. आम्ही तोंडभर स्तुती केली. तो हसून म्हणाला, "अरे, ह्याच मूरचे माता आणि बालक आपल्या औंधास आहे. पाहिलेस का कधी?" आम्ही निरुत्तर झालो. सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले. हा राजा स्वतः चित्रकार होता. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या कृतींशेजारी त्याने परदेशची कलाही आणून ठेविली, आणि ती कोठे? तर एका लहानशा गावी, आपल्या प्रजेच्या डोळ्यांसमोर. सातासमुद्रांपलीकडे जाऊन जे आम्ही पाहिले, ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यात होते.

"चित्रांनी पोट भरते काय?" असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही, व्हावे असेही नाही. परंतु आज एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांस मुलांना बसवितात, ते बहुधा शालान्त परीक्षेतील वाढीव गुणांवर नजर ठेवून. गुण पदरी पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. पुराची रेघ सर्व सांगलीकरांनी पाहिली, पुसली व विसरली. एकाने ती ध्यानी ठेविली. हे पाहणे वकिलास, वैद्यास, शेतकऱ्यास, कोणास नको आहे? आणि दोष पालकांचाच नव्हे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास मागून घेणाऱ्या शिक्षकांत आम्हीही आहोत. यंदापासून तो मागावयाचा नाही, असा आम्ही निश्चय केला आहे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत औंध पाहून या. आणि पालकांस एवढीच विनंती: मुलाच्या वहीच्या समासात बैल दिसला, तर रागे भरण्यापूर्वी क्षणभर तो नीट पाहा. गणित चुकले असेल, तर ते मागाहून सुधारता येईल.