बहात्तर तास आणि शंभर वर्षे

१/ औषधाच्या दुकानात गर्दी ओसरेपर्यंत थांबून हलक्या आवाजात आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी मागणाऱ्या तरुणीला समाज 'बेफिकीर' म्हणतो. बेफिकीर माणूस गर्दी ओसरण्याची वाट पाहत नाही. तिचा संकोच शंभर वर्षे खपून घडवलेला आहे.

२/ १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गेली; संसाराचा भार मालतीबाईंनी उचलला (त्यांचे नाव मात्र सहसा कंसातच येते). 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. शंका विचारणे हीच अश्लीलता ठरली!

३/ १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारली. उपाय एकच, संयम. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला.

४/ २००५ मध्ये ही गोळी भारतात चिठ्ठीविना मिळू लागली आणि जुनाच आक्षेप नव्याने उगाळला गेला : साधन हाती आले की स्त्री स्वैर होणार. पुरुषाच्या खिशातील निरोधाबद्दल ही चिंता एवढ्या आवेशाने कुणी वाहिल्याचे दिसत नाही.

५/ वस्तुस्थिती अशी. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची ही गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते. ती प्रामुख्याने बीजोत्सर्जन लांबवते. रुजलेला गर्भ पाडत नाही. गर्भपाताची औषधे निराळी आणि ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची. तरीही अनेक तरुणी हिलाच 'गर्भपाताची गोळी' समजतात, कायमच्या वंध्यत्वाला भितात. ही भीती निराधार आहे.

६/ नेहमीचे साधन म्हणून ती वापरू नये, लैंगिक आजारांपासून ती वाचवत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे रास्तच. मग तेच शाळा-महाविद्यालयांत स्पष्ट का सांगितले जात नाही? तिथे या विषयाचे पान उलटले जाते.

७/ गोळी जितक्या लवकर घ्यावी तितकी परिणामकारक. लाज नेमके तेच तास खाते. तमिळनाडूत तर औषधदुकानांत ती मिळणे वर्षानुवर्षे दुर्घट राहिले आहे. दुकानदार 'नाही' म्हणतो, मुलगी पुढच्या दुकानाकडे वळते आणि घड्याळ चालूच असते.