वजावट म्हणजे भरपाई नव्हे

ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळून उपजीविका करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. कायद्याच्या लेखी त्या स्वयंरोजगारी. सांभाळावयास आलेल्या मुलांना त्या जे जेवू घालतात, त्याचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा होतो. त्याच पातेल्यातून स्वतःच्या मुलाला वाढलेला घास मात्र वजा होत नाही. तो हिशेब त्या माउलीनेच वेगळा ठेवावयाचा!

नियम रास्त आहे. स्वयंपाकघर हेही श्रमाचे ठिकाण आहे, एवढी कबुली तरी त्यात आहे. परंतु या सवलतीचे मोल किती? वीस टक्के दराने कर भरणाऱ्या स्त्रीने मुलांच्या जेवणावर एक पौंड खर्चिला, तर तिचा प्राप्तिकर वीस पेन्सांनी घटतो. वर्षाचे एकूण उत्पन्न १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेतच असेल, तर प्राप्तिकरात छदामही वाचत नाही. सर्वांत तुटपुंजी मिळकत असलेलीच कोरडी राहते.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईबापांच्या नऊ महिन्यांवरील मुलांसाठी, वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला तीस तासांच्या संगोपनाचा खर्च सरकार उचलते. जेवण त्यात धरलेले नाही. पालकांकडून त्याचे पैसे मागता येतात, सक्ती करता येत नाही. पालकच ओढगस्तीत असले की भार चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईवरच येतो.

याच इंग्लंडमधील सरकारी शाळांत पहिल्या तीन इयत्तांतील मुलांना २०१४ पासून दुपारचे जेवण मोफत मिळते. पाच वर्षांच्या मुलाची भूक ही समाजाची जबाबदारी आणि दोन वर्षांच्या मुलाची भूक ही एका बाईच्या हिशेबवहीतील नोंद, ही वाटणी कोणत्या न्यायाची? जेवणाचा खर्च या तीस तासांच्या अनुदानातच धरला जावा, ही मागणी तेथील कामगार चळवळीने लावून धरली पाहिजे.