धूर विरळ झाला, पुढे काय?

पिंपळगावहून द्राक्षे भरून मुंबईकडे निघालेला जुना ट्रक कसाऱ्याच्या आधी एखाद्या चढावर गिअर बदलतो, तेव्हा मागून काळा लोट निघतो. जोर लागावा म्हणून डिझेल जास्त सुटते. पण फवाऱ्याच्या गाभ्यात हवा पुरेशी पोहोचत नाही, ते अर्धवट जळते आणि त्याची काजळी होते. मग ऑक्सिजन इंधनाच्या रेणूतच असला तर? ऑक्सिजनयुक्त इंधनामागची कल्पना एवढीच आहे. डिझेलमध्ये तो जवळजवळ नसतो. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के, आयसोब्युटेनॉलमध्ये २१ आणि इथेनॉलमध्ये ३५ टक्के असतो.

पेट्रोलमध्ये चालले तसे इथेनॉल डिझेलमध्येही ओता, असे ऊस लावणाऱ्या जिल्ह्याला वाटणारच. पण ते डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, जरा पाणी शिरले की वेगळे होते, दाबाने पेटायला कुरकुरते आणि टाकीत आगीचा धोका वाढवते. हा प्रयोग जमला नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीच २०२५ मध्ये सांगितले. आता पुण्याच्या एआरएआयची भिस्त आयसोब्युटेनॉलवर आहे.

प्रयोग जरूर व्हावेत. हरकत आहे ती ‘स्वच्छ इंधन’ या पाटीला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये अवजड इंजिनांच्या चाचण्यांचा आढावा घेतला. २० टक्के बायोडिझेल मिसळल्यावर सूक्ष्मकण सुमारे १० टक्क्यांनी घटले, नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्क्यांनी वाढले. वाढ किरकोळ खरी, पण ती डोळ्यांना दिसत नाही. दमेकऱ्याच्या छातीला तेवढी कळते. उन्हात याच वायूंपासून ओझोन तयार होतो, आणि ओझोनमुळे द्राक्षाच्या पानांवर ठिपके पडतात हे कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच नोंदले गेले आहे. नाशिकने तरी ते लक्षात ठेवावे!

२०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकना काजळी अडवणारी गाळणी असते, त्यामुळे अशा मिश्रणाचा खरा फायदा जुन्या गाड्यांनाच होईल. आणि नेमके तिथेच आपले मोजमाप लंगडे आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा तपासतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणजे नवे इंधन भरलेला ट्रक आडगाव नाक्यावर झोकात पास होईल आणि वाढलेला वायू कोणाच्याच कागदावर येणार नाही. मिश्रण सक्तीचे करण्याआधी पीयूसीत ही तपासणी आणावी, निदान जुन्या ट्रकवर रस्त्यावर मोजून आकडे जाहीर करावेत.